जहाजाचा गहू आणि डोंगराची नाचणी

अजूनही दुपारी जेवून जरा डोळा लागला की मला गोदाम दिसतं. भिवंडीच्या खाडीच्या अंगाला असलेलं, पत्र्याचं, लांबलचक. पत्र्याच्या भोकांतून उन्हाच्या तिरीपा खाली आलेल्या असतात, त्यांत गव्हाची धूळ सावकाश तरंगत असते. पलीकडच्या गल्लीतल्या लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, आवाज इतका सारखा चाललेला असतो की काही वेळानं तो आवाज आहे हेच विसरायला होतं. मी पोत्यावर बसलेली असते आणि मला कुठंही जायचं नसतं. जाग आल्यावर नाकात तो वास थोडा वेळ राहतो. ताग, गोडंतेल आणि समुद्रावरून आलेल्या गव्हाचा वास.

सत्तरच्या दशकात मी एका धर्मादाय संस्थेत पर्यवेक्षिका होते. पर्यवेक्षिका हा शब्द फक्त संस्थेच्या कागदावर. पाड्यांवर मला सगळे 'गव्हाची बाई' म्हणायचे आणि शेजारपाजारचे समजायचे की मी रेशन दुकानात आहे. रेशनचं धान्य विकत मिळतं, आमचं फुकट असायचं. परदेशातून ते जहाजानं यायचं. लालसर गहू, तेलाचे डबे आणि दुधाची पावडर. मुंबईच्या गोदीतून ट्रकनं भिवंडीला, आणि भिवंडीहून आमच्या ट्रकनं दिघाशीच्या पलीकडच्या पाड्यांवर. तिथं त्याची दोन कामं असत. लहान मुलांना दुपारी गव्हाची लापशी आणि दूध. आणि मोठी माणसं शेताचे बांध घालायला, तळं खणायला आली तर त्यांना मजुरी म्हणून गहू-तेल. पोत्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे की हा माल विकण्यासाठी नाही. नियम तेवढाच, पण कडक. माल बाजारात सापडला तर त्या गावाचं काम बंद.

दुष्काळाच्या वर्षांत या गव्हानं माणसं जगवली, हे आधी सांगून ठेवते. पुढं मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की मी खाल्ल्या घराचे वासे मोजतेय. त्या दिवसांत आमचा ट्रक टेकडीवरून दिसला की बायका हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. फक्त उभ्या राहायच्या, आणि ट्रक थांबेपर्यंत तशाच असायच्या. ते उभं राहणं मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

आमच्या ट्रकचे ड्रायव्हर उस्मानभाई. भिवंडीचेच, वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे. गाडी इतकी हळू चालवायचे की बैलगाड्या पुढं जायच्या. त्यांच्या शेजारी बसून पहाटेच्या धुक्यातून जाताना आपण गाडीत नसून होडीत आहोत असं वाटायचं. धुक्यात भाताची शेतं बुडालेली, मधूनच एखादं ताडाचं झाड वर आलेलं. मी तेव्हा तिशीतली होते. घरी वडील आणि मी, एवढेच. नोकरी हेच माझं घराबाहेरचं सगळं जग होतं.

त्या जगातली एक गंमत सांगते. एका वारली पाड्यावर लग्न होतं. मला आग्रहानं बोलावलं होतं. लग्नाच्या घरी भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. देवाचा चौक, भोवती झाडं, माणसं, नाचणारी रांग. त्या वर्षी तांदूळ पिठासाठी काढणं सगळ्यांच्याच जिवावर येत होतं, म्हणून बायकांनी आमची दुधाची पावडर पाण्यात कालवून चौक लिहिला. दिसायला लखलखीत झाला होता. दुपारी लग्नघर पेंगत असताना मी भिंतीकडे पाहत बसले होते, आणि मला वाटलं की चौकातली माणसं हलतायत. रांग खरोखर पुढं सरकत होती. डोळे चोळून जवळ गेले तर मुंग्या. रेघेरेघेवर मुंग्या लागल्या होत्या, पांढरं उचलून घेऊन चालल्या होत्या. मी घाबरले, म्हटलं आता अपशकुन झाला म्हणतील. चौक लिहिणारी म्हातारी शांतपणे म्हणाली, "खाऊ दे. मुंगीलाबी प्वाट हाय. पुढल्या टायमाला तांदळाचाच लिवू."

मुद्द्याकडे येते.

दुष्काळ सरला आणि एक वर्ष असं आलं की पाऊस जसा पडायला हवा तसाच पडला. भात चांगलं आलं, आणि डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी आणि वरी तर अशी आली की कणसं वाऱ्यावर डुलताना उतार जागचा हलतोय असं वाटायचं. आमचा गहू दरवर्षी उन्हाळ्यात यायचा, कारण घरातलं धान्य संपतं तेव्हाच. त्या वर्षी जहाजाला उशीर झाला. गहू आला तो दिवाळी झाल्यावर. पाड्यापाड्यांवर नाचणी झोडून कणग्यांत भरली जात होती आणि इकडं आमचं गोदाम दारापर्यंत भरलं.

आमचे साहेब मुंबईहून अधूनमधून येत. उतारवयाचे, मऊ बोलणारे, मनानं चांगले. ते म्हणाले, "विमलबाई, गहू ठेवला तर किडेल. आत्ताच बांधाची कामं सुरू करा."

आम्ही सुरू केली. लोक आले, बांध घातले, गहू घेऊन गेले. मला आनंदच झाला होता. गव्हाच्या बाईला गहू वाटल्यावर आनंद होणारच.

दिघाशीच्या वाटेवर एका वळणावर आठवड्याचा बाजार भरायचा. तिथं जानकी म्हणून एक बाई नाचणी विकायला बसे. कुणब्याची, चाळिशीची, अंगानं काटक, हातात हिरव्या बांगड्या. तिची आणि तिच्या नवऱ्याची थोडी भाताची जमीन आणि वर डोंगराला वरकसाचा मोठा तुकडा. भात घरात खायचं आणि नाचणी विकून मीठमिरची, कापडचोपड करायचं, असं त्यांचं चाललेलं. तिची गिऱ्हाइकं म्हणजे बहुतेक कातकरी आणि मजुरीवर जगणारी माणसं, ज्यांना स्वतःचं शेत नाही. एखादा व्यापारीही यायचा.

त्या दिवशी दुपार कलली तरी जानकीची टोपली भरलेलीच होती. ती टोपलीवर हात ठेवून बसली होती, जसा एखादी आई आजारी मुलाच्या कपाळावर ठेवते. मी सहज विचारलं, "काय गं, आज गिऱ्हाईक नाही?"

तिनं वर पाहिलं. रागावली नव्हती. नुसतं सांगितल्यासारखं म्हणाली, "बाई, तुमचा गहू आला का माजं कोन घेत न्हाय. व्यापारीबी निस्ता हात घालून बघून गेला. बोलला, गावोगाव फुकटचा गहू पडलाय, नाचनी कोनाला इकू."

मी म्हटलं, "पुढच्या आठवड्यात जाईल."

"जाईल," ती म्हणाली. "न्हाय तर पुढल्या साली डोंगर करायचाच न्हाय. मालक बोलतात लूमवर जातो. डोंगर फोडायचा, राखायचा, झोडायचा, आन हितं आनून बसायचं. कोनासाठी?"

मी ट्रकमध्ये येऊन बसले. उस्मानभाईंनी गाडी सुरू केली. मागं ट्रकमध्ये गव्हाची आणखी पोती होती, पुढच्या पाड्यासाठी. तोपर्यंत मला वाटायचं की आम्ही देतो ते रिकाम्या भांड्यात पडतं. आज पहिल्यांदाच दिसलं की भांड्यात आधीच कुणाचं तरी काहीतरी होतं, आणि आमचं पडल्यावर ते बाहेर सांडलं.

ही गोष्ट मी साहेबांना सांगितली. ते म्हणाले, "एक बाई नाराज आहे म्हणून शंभर घरांचं काम थांबवायचं का?" ते काही चुकीचं विचारत नव्हते.

पण पुढच्या काही बाजारांत मला एक चमत्कार दिसला. जानकीची टोपली अर्धी रिकामी व्हायला लागली. नंतर पाऊण. ती माझ्याकडे बघून हसायलाही लागली. मला वाटलं, झालं, बाजार आपोआप सावरला. आपल्याला बरं वाटेल असं कारण माणूस पटकन शोधतो.

मग साहेब एकदा गंभीर चेहऱ्यानं आले. कुणीतरी मुंबईत कळवलं होतं की धामणकर नाक्याजवळ एका बिस्सीत आपल्या संस्थेची पोती दिसली. बिस्सी म्हणजे खाणावळ. लूमवर काम करायला उत्तरेकडून आलेले कामगार घरं मागं ठेवून इथं राहतात. महिन्याचे पैसे भरून ते बिस्सीत जेवतात. साहेब म्हणाले, "विमलबाई, तुम्ही जाऊन बघा. माल कुठून येतो ते कळलं पाहिजे. ज्या गावातून येत असेल तिथलं काम आपल्याला थांबवावं लागेल, माझा इलाज नाही."

मी उस्मानभाईंना म्हटलं, "चला, धामणकर नाक्याला." ते एरवी गाडी चालवताना काहीबाही सांगत असत, त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. नाक्याला अनेक बिस्स्या होत्या. मी आता विचारत फिरावं लागेल अशा तयारीत होते, तर त्यांनी एका गल्लीच्या तोंडाशी ट्रक उभा केला आणि इंजिन बंद केलं.

"हीच ती," ते समोर बघत म्हणाले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"बाई, मीच तर आणतो." त्यांनी हात चाकावरून काढून मांडीवर ठेवले. "तुम्ही पाड्यावर थांबता, संध्याकाळच्या एस.टी.नं येता. मी खाली गाडी घेऊन परत येतो. रिकामीच येते ना गाडी. ती चांगुणा वाटेत उभी असते डोक्यावर बोजा घेऊन. एवढं लांब चालत येणार होती. मी बोललो, बैठ जा."

चांगुणाला मी ओळखत होते. कातकरी, विधवा, जानकीच्या गावाशेजारच्या पाड्यावर एका खोपीत सासूबरोबर राहणारी. बांधावर तिच्याइतकी माती कुणी वाहत नसे. बोलायची कमी आणि सगळ्यांना तू म्हणायची, मलाही, साहेबांनाही.

बिस्सीत शिरले तेव्हा दिवसपाळीची पहिली पंगत बसली होती. धुराच्या निळ्या पडद्याआड माणसं रांगेनं बसलेली, केसांत आणि भुवयांवर कापसाची तूस, त्यामुळं सगळी एकदम म्हातारी दिसत होती. मालकीण सकीनाआपा तव्यासमोर होती. आझमगडकडून आलेली, पण इतकी वर्षं इथं काढलेली की मराठी कळायची आणि थोडीफार बोलायचीही. मी कोण ते सांगितल्यावर तिनं लपवाछपवी केली नाही.

"हां, गेहूं लेती हूँ. चांगुणा लाती है. चोरी का है क्या?"

"चोरीचा नाही. पण विकायचा नाही."

"तो वो लोग खाते क्यूँ नहीं?" तिनं पोळी उलटली. "बोलती है, बुड्ढे लोगों को हजम नहीं होता, भाकर बनती नहीं. मेरे आदमी लोगों को गेहूंच मंगता. चावल से इनका पेट भरता नहीं. बैठो बाई, रोटी खाके देखो."

मी बसले. माझ्याच गोदामातल्या गव्हाची पोळी मी पहिल्यांदा तिथं खाल्ली. चांगली होती. शेजारचा कामगार डोळे मिटून खात होता, जसा माणूस आपल्या गावात जाऊन जेवतो.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर चांगुणाला गाठलं. ती खोपीच्या दारात बसून सासूचे केस विंचरत होती. मी विचारलं, "तू गहू विकतेस?"

"इकते," ती म्हणाली. "माझा आन समद्यांचा. समद्यांनी दिला तो नेते."

"पैशाचं काय करता?"

तिनं मान न वळवता खोपीच्या आत बोट दाखवलं. कोपऱ्यात मडकं होतं. आत नाचणी होती. "जानकीची. बाजारातून आनते. म्हातारी भाकर खाते, आंबील पिते. गहू खाल्ला का तिचं प्वाट दुखतं." मग पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाली, "तू काम बंद करशील आता?"

मी तिथंच खाली बसले. जानकीची टोपली का रिकामी व्हायला लागली ते मला तेव्हा कळलं. बाजार आपोआप सावरला नव्हता. ही बाई डोक्यावर गहू घेऊन डोंगरातून शहरात जात होती आणि पैसे घेऊन परत येत होती, म्हणून तो चालला होता. ज्या गोष्टीला आम्ही गळती म्हणत होतो तिच्यावरच तो बाजार तगला होता.

खरं लपवलं असतं तर प्रश्न तात्पुरता मिटला असता. पण पुढं कुणीतरी दुसरं येऊन बघणार होतंच, आणि मग उस्मानभाईंची नोकरी, पाड्याचं काम आणि मुलांची लापशी, सगळंच गेलं असतं. मी साहेबांना म्हटलं, "मी सांगते सगळं. पण आधी माझ्याबरोबर एकदा बाजारात चला."

ते आले. पांढरं धोतर सांभाळत जानकीच्या टोपलीपासून थोड्या अंतरावर एका दगडावर बसले. हिवाळ्याचं कोवळं ऊन होतं. कोंबड्यांचे, सुक्या मासळीचे, ओल्या मातीचे वास. चांगुणा आली, पदराच्या गाठीतून पैसे काढले, नाचणी मापून घेतली, जानकीनं वर मूठभर घातली, दोघी काहीतरी बोलून हसल्या, आणि ती गेली. मग मी साहेबांना बिस्सीपासूनची सगळी हकिगत सांगितली. उस्मानभाईंचं नावही घेतलं.

साहेबांनी चांगुणा गेली त्या वाटेकडं पाहिलं. मग म्हणाले, "म्हणजे आपण गहू देतो, तो ती विकते, आणि तिला हवं ते विकत घेते."

"हो."

"आणि तो गहू ज्यांना हवा असतो तेच खातात."

"हो."

"मग यात वाईट कुणाचं झालं?"

"कुणाचंच नाही. फक्त नियम मोडला."

ते हसले, पण दमल्यासारखे. "नियम माझा नाही हो. वर कळलं तर जहाजच वळवतील." उस्मानभाईंना त्यांनी काही केलं नाही, पुन्हा कुणाला गाडीत घेऊ नका एवढंच सांगितलं. आणि ठरवलं की होळीपर्यंत कामं बंद. गहू गोदामात राहील, किडला तर किडेल. शेतकऱ्याचं धान्य घरात आहे तोवर आपण मधे यायचं नाही.

मला तो निर्णय आवडला. जानकीला मीच जाऊन सांगितला. आणि मग जे व्हायचं ते झालं. व्यापारी परत यायला लागला, भावही थोडा वर आला. पण जानकीची रोजची गिऱ्हाइकं, पाड्यावरची माणसं, ती येईनात. काम नाही म्हणून गहू नाही, गहू नाही म्हणून पैसा नाही. टोपली शिगोशीग भरलेली, आणि तिच्यासमोरून भुकेली माणसं तिच्याकडे न बघता जात होती. शेत असलेल्याचं धान्य वाचवताना शेत नसलेल्याचं काय होईल याचा विचार आम्हा कुणालाच सुचला नव्हता.

चांगुणा एक दिवस दिसेनाशी झाली. सासूला घेऊन वीटभट्टीवर गेली असं कळलं. कातकरी माणसं तशी जातातच, सुगी संपली की. पण ती आमचं काम चालू झाल्यापासून गेली नव्हती.

मी तिला शोधायला मानकोलीकडं गेले. तेव्हा तिकडं शेतं आणि खाजणंच होती. दूरवर भट्ट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला, त्यात माणसं अर्धीच दिसत होती, कमरेच्या वरची. जणू धुरावरच चालतायत. चांगुणा डोक्यावर विटा घेऊन त्यातून आली. चेहरा विटेच्याच रंगाचा.

"म्हातारी?" मी विचारलं.

"हाय. सावलीला बसवलीय."

"काम पुन्हा चालू होणार आहे. येशील?"

"उचल घेतलीय. पाऊस पडंपावतर सुटका न्हाय." तिनं विटा उतरवल्या, नीट रचल्या. "तू चालत आलीस? पानी पी."

एवढंच बोलणं झालं. परतीच्या वाटेवर मला उन्हाचं भान नव्हतं.

साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या माणसाचं मोठेपण असं की त्यांनी स्वतःचा निर्णय धरून ठेवला नाही. पुढच्या सुगीपर्यंत ते भिवंडीतल्या कापडवाल्यांच्या पेढ्यांवर फिरले. भीड न धरता, ओळख नसताना. त्यांनी एक छोटा निधी जमवला. त्यातून असं केलं की सुगीपासून होळीपर्यंत बांधाच्या कामाची मजुरी रोख द्यायची आणि मुलांच्या जेवणासाठी नाचणी तिथल्याच बाजारातून घ्यायची. जहाजाचा गहू उन्हाळा-पावसाळ्यासाठी राखायचा, जेव्हा कणग्यांत खरंच काही नसतं. कागदोपत्री ते कसं बसवलं ते त्यांनाच ठाऊक.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. रोख मजुरीतली काही दारूत गेली, त्यावरून बायकांनी माझ्याशी भांडण काढलं आणि ते बरोबरच होतं. एका वर्षी निधी पुरला नाही. मुलांना लापशीची सवय झालेली, त्यांनी आंबील बघून तोंडं फिरवली. पलीकडच्या खोऱ्यात दुसरी एक संस्था बारा महिने गहू वाटत राहिली. तिथले उतार एकामागून एक गवताला गेले, आणि लोक नाचणीचं बी मागायला जानकीच्या दारी यायला लागले. ती बी द्यायची, पण आधी जमीन बघून यायची.

जानकीनं डोंगर सोडला नाही. तिचा नवरा काही दिवस लूमवर गेला आणि कापसाच्या धुळीनं खोकत परत आला. चांगुणा पाऊस पडल्यावर भट्टीवरून सुटली. म्हातारी बरोबर नव्हती. त्याबद्दल तिनं मला कधी काही म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. पुढच्या सुगीला बांधावर पहिली हजर तीच होती.

मग दशक सरत आलं तशी जहाजं कमी झाली आणि एक दिवस कळलं की आता येणार नाहीत. आपल्या देशात पुरेसं धान्य पिकायला लागलं होतं, म्हणजे आनंदाचीच बातमी. संस्था भिवंडीचं काम आवरणार होती. गोदाम सुताच्या व्यापाऱ्यानं घेतलं. साहेबांची तब्येत बरी नव्हती, म्हणून पाड्यांवर जाऊन सांगायचं काम माझ्याकडं आलं.

उस्मानभाई आणि मी रिकामा ट्रक घेऊन गेलो. आषाढ होता, आवण्या चालू होत्या. भाताची रोपं उपटून चिखलात लावायचे ते दिवस. खाचरांत पाणी भरलेलं, पाण्यात ढग, ढगांत वाकलेल्या बायका. कोण वर आहे आणि कोण खाली ते क्षणभर कळत नव्हतं. जानकीचं शेत रस्त्याला लागूनच. चांगुणा तिथं मजुरीला होती. मी बांधावर उभी राहून सांगितलं की आता गहू येणार नाही. भाषण मनात तयार करून आले होते, त्यातलं एक वाक्यही आठवलं नाही.

सगळ्या ऐकत होत्या. कुणी विचारलं नाही की आमचं काय. चांगुणानं कमरेवर हात ठेवला आणि विचारलं, "मंग तुझं काम गेलं?"

"हो."

"दुसरं मिळालं?"

"अजून नाही."

बायका आपसात काही बोलल्या. जानकी चिखलातून वर आली, हात पाण्यात हलवून धुतले. ती संकोचत होती. म्हणाली, "बाई, तुमाला झेपंल का न्हाय म्हायती न्हाय. पर आवनीला मानसं कमी पडत्यात. मजुरी पैशात न्हाय दिता येत आमाला. भात दिऊ. समद्यांना दितो तेवढंच."

मी हसणार होते. पण तिच्या चेहऱ्याकडं बघितलं तर ती मनापासून विचारत होती. उस्मानभाई दुसरीकडं बघायला लागले. मी चपला बांधावर काढून ठेवल्या, पदर खोचला आणि पाण्यात उतरले.

चिखल उबदार होता. रोपं हातात घेऊन तीन बोटांनी खाली रोवायची, इतकंच काम. मला ते दिवसभर जमलं नाही. पाठीचा कणा मोडतोय असं वाटत होतं आणि तरी एक विचित्र सुख होतं, कशाचंही वाटप न करण्याचं. बायका गाणं म्हणत होत्या. माझ्या ओळी वाकड्या जायच्या, रोपं मागून तरंगत वर यायची, आणि चांगुणा न बोलता ती पुन्हा रोवत यायची.

दिवस मावळायच्या सुमारास जानकीनं पडवीत भात मापायला घेतलं. आम्ही ओळीनं बसलो होतो, पाय पांढरेफटक पडलेले. एकेकीच्या ओच्यात ती माप रिकामं करत होती. माझ्यापाशी आली, माप ओतलं आणि वर आणखी एक मूठ घालायला लागली.

"तिला जास्ती नको दिऊस," चांगुणा शेजारून म्हणाली. "तिच्या वळी वाकड्या हायत."

जानकीनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. तिनं ती मूठ परत कणगीत टाकली आणि पुढच्या बाईकडं वळली.